मर्तिकाचे दुकान

तालुक्याच्या बाजारपेठेत कापडाची, भांड्यांची, बी-बियाण्यांची दुकाने असतात. दुकानदार दारात उभा राहून "या, बसा, काय दाखवू?" म्हणतो. पण बाजाराच्या टोकाला, बहुधा दवाखान्याच्या किंवा नदीच्या वाटेवर, एक दुकान असे असते की तेथला दुकानदार कोणालाही "या" म्हणत नाही. गिऱ्हाईकही उठताना "येतो" म्हणत नाही. एरवी घरातून निघताना आपण "जातो" म्हणायचे टाळतो, "येतो" म्हणतो. या दुकानात उलटे असते. माणूस पैसे देतो आणि मुकाट्याने निघतो.

दुकानावर पाटी असते, "अंत्यविधीचे सर्व साहित्य मिळेल." लोक त्याला मर्तिकाचे दुकान म्हणतात.

या दुकानाविषयी बोलायला कोणाला आवडत नाही. पण त्याची गरज प्रत्येक घराला पडते, आणि ज्या दिवशी पडते त्या दिवशी घरातल्या माणसांचे डोके ठिकाणावर नसते. मग कोणी सांगेल ते आणले जाते. कोणी मागेल तेवढे दिले जाते. पुढे आलेल्या कागदावर अंगठा उठतो. म्हणून हा धडा बऱ्या दिवशी, निवांत बसून वाचा.

पूर्वी गावात असे दुकान नव्हते. मयत झाली की ज्याच्या बांधावर कळकाचे बेट असेल त्याच्याकडून दोन कळक यायचे. कुंभार मडके द्यायचा. गोवऱ्या घरोघरच्या. लाकूड कोणाच्या तरी वठलेल्या बाभळीचे. भावकीतला जाणता माणूस तिरडी बांधायचा. गाव सगळे मिळून करी, असे म्हातारी माणसे कौतुकाने सांगतात. ते खरे आहे, पण अर्धे खरे आहे. उन्हातान्हात, रात्री-अपरात्री परगावी पायी जाऊन मयतीचा निरोप सांगायचा आणि स्मशानात लाकडे वाहायची, हे काम महार समाजावर वतन म्हणून लादलेले होते. त्याबद्दल मिळे काय, तर शिळी भाकरी आणि अपमान. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या वतनाविरुद्ध अनेक वर्षे झगडले. १९५८ च्या कायद्याने गावकामगारांची ही कनिष्ठ वतने संपली. बरे झाले. जुने सगळे चांगले होते असे म्हणणाऱ्याने ही गोष्ट आठवावी.

आता बांधावरची कळकाची बेटे गेली. कुंभाराचे चाकही बहुतेक गावांत थांबले. तरणी पोरे पुण्या-मुंबईला. तिरडी कशी बांधायची हे माहीत असलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. म्हणून हे दुकान आले.

माझ्या ओळखीचे असे एक दुकान आहे. नावगाव सांगत नाही. आजोबा बुरुडकाम करीत. सुपे, टोपल्या, डालगी विणीत. लोक तिरडीसाठी बांबू मागायला येत, म्हणून त्यांनी बांबूबरोबर सुतळी ठेवली, मग कापड ठेवले, मग मडकी. आता तिसरी पिढी दुकानात आहे. आजोबांचा मुलगा, म्हणजे आजचा म्हातारा, तिरडी बांधतो. नातू स्वर्गरथ चालवतो. नातसून गल्ल्यावर बसते आणि वही लिहिते. परगावचा मुलगा येईपर्यंत देह ठेवायची थंड पेटीही ते भाड्याने देतात. दुकानाची फळी रात्री अर्धी उघडी असते. दिवाळीच्या पाडव्यालाही असते, कारण मरण काही पंचांग बघून येत नाही.

अशा घराला मान मिळतो का? नाही. लग्नाच्या पंगतीत लोक त्यांच्याशेजारी बसायला कां-कूं करतात. मुलीला स्थळ पाहताना पाहुणे धंदा विचारतात आणि चहा अर्धा टाकून उठतात. मला हे मुळीच पटत नाही. आपल्या आईला शेवटचे नीट निजवणारा हात अशुभ कसा? २०२० आणि २०२१ साली करोनाची साथ आली. मुलगा बापाला हात लावेना, अशी वेळ होती. त्या वेळी अशाच माणसांनी, नगरपालिकेच्या कामगारांनी आणि गावोगावच्या कार्यकर्त्या पोरांनी परक्यांना खांदा दिला. दुकानातला बांबू सगळ्या जातींना तोच, सुतळी तीच. स्मशाने मात्र अजून कितीतरी गावांत जातीजातीची वेगळी आहेत. असो.

आता त्या म्हाताऱ्याची एक रीत सांगतो. सामान मागायला कोणी आले की तो आधी एकच प्रश्न विचारतो.

"कशानं गेले?"

"म्हातारपण होतं मामा, दोन महिने अंथरुणावर होते," असे उत्तर आले की तो बांबू काढायला उठतो. पण "पान लागलं", "मोटार चालू करताना शॉक बसला", "विहिरीत पडले", "गाडीनं उडवलं", "औषध प्यायले" असे काही कानावर पडले, की तो बसूनच राहतो. म्हणतो, "दादा, आधी पोलीस पाटलाला सांगा. पंचनामा होऊ द्या. सामान मी बांधून ठेवतो, पण तिरडी आता बांधू नका."

लोक चिडतात. "घरात मयत पडलीय आणि हा पंचनाम्याचं बोलतोय!" चिरफाड नको, देहाची विटंबना नको, असे बायामाणसे रडून सांगतात. त्यांचे दुःख खरे आहे. पण म्हाताऱ्याचे म्हणणेही ऐका. अपघाती किंवा संशयास्पद मृत्यू पोलिसांना कळवणे कायद्याने भाग आहे. पोलीस पंचनामा करतात. सरकारी दवाखान्यात शवविच्छेदन होते. त्याचे पैसे पडत नाहीत. मग देह घरच्यांच्या ताब्यात मिळतो आणि सगळे विधी करता येतात. काही तास उशीर होतो, एवढेच.

आणि ते कागद नसतील तर काय होते? समजा शेतकरी गवत कापताना साप चावून गेला. महाराष्ट्र सरकारची एक योजना आहे. तिचे नाव गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. नाव लांब आहे, पण वाचून ठेवा. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना २ लाख रुपये मिळतात. सर्पदंश, विजेचा धक्का, वीज पडणे, पाण्यात बुडणे हे त्यात धरले आहे. वय १० ते ७५ वर्षे असावे लागते. सातबारा ज्याच्या नावावर आहे तो, आणि सातबारावर नाव नसलेला घरातला आणखी एक माणूसही तीत बसतो. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कचेरीत ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. पण पंचनामा नाही, शवविच्छेदनाचा अहवाल नाही, आणि देहाची राख झालेली. मग साप चावला होता हे कोणत्या कागदाने दाखवणार? घाईघाईने माती उरकली आणि लेकराबाळांच्या तोंडचे २ लाख गेले, असे होते. म्हणून म्हाताऱ्याचा राग धरू नका.

आता सामानाकडे वळू. काय काय लागते? लांब बांबू दोन, आडव्या कामट्या, सुतळी, पांढरे कापड, मडके, ते धरायला तिकाटणे, गुलाल-बुक्का, थोडी फुले, तुळस, कापूर, थोडे तूप, काडेपेटी. सवाष्ण असेल तर हिरवे लुगडे आणि हळद-कुंकू. जळण म्हणाल, तर एका चितेला साधारण ३०० ते ४०० किलो लाकूड लागते. म्हणजे जुन्या मापाने आठ-दहा मण. लाकूड ओले असेल तर जास्त जाते. खाली आणि कडेने गोवऱ्या रचल्या की चिता लवकर धरते आणि लाकूडही वाचते. काही शहरांत महापालिका लाकूड फुकट देते. मुंबईत विजेवर चालणारी दाहिनी आहे, पुण्यात वैकुंठ स्मशानभूमीतही आहे. तेथे लाकूड लागतच नाही.

सगळेच दहन करीत नाहीत. लिंगायत बसलेल्या स्थितीत समाधी देतात. मुसलमान आणि ख्रिस्ती दफन करतात. लहान मुलाला बहुतेक सगळे पुरतात. ज्याची जी रीत, त्याप्रमाणे सामान. म्हाताऱ्याला या सगळ्या रीती पाठ आहेत.

एकदा एक तरुण दुकानात आला. वडील गेले होते. डोळे सुजलेले. म्हणाला, "मामा, काही कमी पडू देऊ नका. चंदनाची लाकडं द्या. कापड भारी द्या. पैशाचं बघतो मी."

म्हातारा म्हणाला, "दादा, चंदनाचा हा एक तुकडा छातीवर ठेवा, पुरे झालं. कापड हेच बरं, सुती आहे, सुखानं जळतं. नायलॉन नको. आणि पैशाचं बघतो म्हणजे कुणाकडं बघणार?"

तरुण खाली बघू लागला. सावकाराकडे, हे उत्तर दोघांनाही ठाऊक होते.

सगळेच दुकानदार असे नसतात, हेही सांगून ठेवतो. दुःखात बुडालेला माणूस घासाघीस करीत नाही, हे ओळखून दुप्पट भाव लावणारेही आहेत. म्हणून खरेदीला घरचा माणूस पाठवू नका. भावकीतला किंवा शेजारचा शांत डोक्याचा माणूस पाठवा. त्याने भाव आधी विचारावा, चिठ्ठी लिहून घ्यावी. स्वर्गरथाचे भाडे आणि थंड पेटीचे भाडे दिवसाचे की फेरीचे, हेही बोलून घ्यावे. यात लाज कसली?

पण खरा खर्च दुकानात होत नाही. माती होईपर्यंत गाव सांभाळून घेते. पहिल्या दिवशी घरात चूल पेटत नाही, शेजारीपाजारी पिठले-भाकरी आणून कडू घास भरवतात. तिसऱ्याला राख सावडतात. खर्च सुरू होतो तो दहाव्या-तेराव्याला. मंडप येतो. हजार पानांची पंगत उठते. टॉवेल-टोप्या, साड्या, कीर्तनकाराची बिदागी. आता तर वडिलांच्या फोटोचे मोठे फलक चौकात लागतात. "अमक्याने दोन हजार पाने उठवली, आपण काय कमी?" असे कोणीतरी म्हणतो. म्हणणारा स्वतः कधी पैसे देत नाही.

आता एक हिशेब करू. पाटी घ्या. तेराव्यासाठी सावकाराकडून २०,००० रुपये घेतले. दर शेकडा ५ रुपये महिना. शंभराला ५, म्हणजे हजाराला ५०, म्हणजे वीस हजाराला १,००० रुपये महिना. हे नुसते व्याज. वर्षाचे झाले १२,००० रुपये. वीस महिन्यांत व्याजच २०,००० रुपये जाते, आणि मूळ २०,००० तसेच डोक्यावर राहते. पंगत जेवून गेलेल्यांपैकी हे फेडायला कोण येणार? परवान्याशिवाय सावकारी करणे हा २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी गरजवंताला अक्कल नसते हे सावकार जाणतो.

गाडगेबाबा हेच गावोगाव कीर्तनातून सांगत. कर्ज काढून सण करू नका, दिवस घालू नका. आणि स्वतःविषयी त्यांनी सांगून ठेवले होते की जेथे देह पडेल तेथेच अंत्यविधी करा, माझी समाधी नको, मंदिर नको. २० डिसेंबर १९५६ रोजी ते अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर, पेढी नदीच्या पुलाजवळ गेले. एवढ्या मोठ्या माणसाने स्वतःसाठी किती थोडे मागितले!

दुसरी एक रीत पैशाची नाही, पण तिच्याविषयी बोलले पाहिजे. नवरा गेला की बाईच्या बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात, मंगळसूत्र तोडतात. तीही चार बायकांच्या देखत. आधीच तिच्यावर आभाळ कोसळलेले, त्यात हे. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. तेथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा, असे सांगितले. तुमच्या गावाने केला आहे का असा ठराव? ग्रामसभेत विचारा. बाईमाणसांनीच विचारावे.

आता कागद. येथे तुमचे वाचणे-लिहिणे उपयोगी पडणार आहे, म्हणून सावकाश वाचा.

मृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्याप्रमाणे सक्तीची आहे. २१ दिवसांच्या आत कळवले तर पैसे पडत नाहीत. त्यानंतर विलंब शुल्क पडते. ३० दिवस उलटले की वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो. मग खेपा, वकील, मजुरी बुडणे हे ओघानेच आले. माणूस घरी गेला असेल तर घरच्या कर्त्याने किंवा जवळच्या नातेवाइकाने ग्रामपंचायतीत, म्हणजे ज्यांना आपण ग्रामसेवक म्हणतो त्यांच्याकडे नोंद करायची. माणूस दवाखान्यात गेला असेल तर दवाखाना कळवतो. पण एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. मृत्यू ज्या गावी झाला, नोंद त्याच गावी होते. माणूस राहणारा तुमच्या गावचा, पण शहरातल्या दवाखान्यात गेला, तर दाखला त्या शहराच्या नगरपालिकेत मिळेल. आपल्या ग्रामपंचायतीत चकरा मारून उपयोग नाही.

दाखला हातात पडला की तेथेच उभे राहून वाचा. नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, आडनाव, तारीख. आधार कार्डावर "पांडुरंग", सातबारावर "पांडू" आणि दाखल्यावर "पांडूरंग" असे झाले की प्रत्येक कचेरीत अडवतात. चूक दिसली तर त्याच दिवशी सांगा. पूर्वी आपण दाखला घडी करून खिशात घालीत होतो, कारण वाचता येत नव्हते. आता येते.

दाखला मिळाला की तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यायचा. जमीन महसुलाच्या १९६६ च्या कायद्याप्रमाणे मृत्यूपासून तीन महिन्यांत कळवायचे असते. हिंदू माणूस मृत्युपत्र न करता गेला तर त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस आहेत, आणि लग्न झालेली मुलगीही त्यात आहे. इतर धर्मांचे वारसा कायदे निराळे आहेत. अर्जात नुसती मुलांची नावे घालून बाया-मुलींची नावे गाळतात, ते तपासा.

आणि दहाव्याच्या गर्दीत कोणी कागद पुढे केला, "वहिनी, इथं सही करा, नुसतं नोंदीपुरतं आहे," असे म्हणाला, तर सही करू नका. तो हक्कसोडीचा कागद असू शकतो. "घरी ठेवा, वाचून करते," असे सांगा. चांगला माणूस थांबेल. जो थांबणार नाही, त्याच्या कागदावर सही तर मुळीच नको. हे मी भावकीत भांडण लावण्यासाठी सांगत नाही. भावकी बहुतेक वेळा आधारच देते. पण दुःखात घेतलेल्या सहीवरून पुढे वीस वर्षे कोर्टात उभ्या राहिलेल्या बाया मी पाहिल्या आहेत.

शेवटी बँकेचे पासबुक. मेलेल्या माणसाचे पासबुक कोनाड्यात पडून राहते. ते काढा आणि त्यात मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये किंवा २० रुपये कापलेले दिसतात का ते पाहा. ४३६ रुपये हा प्रधानमंत्री जीवनज्योती विमा. माणूस कोणत्याही कारणाने गेला तरी त्यात वारसाला २ लाख मिळतात. २० रुपये हा प्रधानमंत्री सुरक्षा विमा. त्यात अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात. त्या वर्षीचा हप्ता कापलेला असला पाहिजे. बँकेत दाखला, पासबुक आणि आपले आधार घेऊन जा. वेळ लावू नका. पुष्कळ घरांत हा विमा उतरवलेला असतो आणि बायकोला त्याचा पत्ता नसतो.

या सगळ्या कामांना दाखल्याच्या प्रती लागतात. तहसील, बँक, विमा, शाळा, प्रत्येक ठिकाणी एक. म्हणून चार-पाच प्रती एकदम मागून घ्याव्यात. त्यासाठी अर्ज असा लिहायचा :

दिनांक : ..............

प्रति,
जन्म-मृत्यू निबंधक,
ग्रामपंचायत .............., ता. .............., जि. ..............

विषय : मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती मिळण्याबाबत.

महोदय,
माझे वडील .............................. हे दिनांक .............. रोजी राहत्या घरी वारले. त्यांच्या मृत्यूची नोंद आपल्याकडे दिनांक .............. रोजी केली आहे. वारस नोंद, बँक व विमा या कामांसाठी मला दाखल्याच्या ५ प्रती हव्या आहेत. नियमाप्रमाणे फी भरण्यास मी तयार आहे. प्रती मिळाव्यात, ही विनंती.

आपला / आपली,
(सही)
पूर्ण नाव व पत्ता

हा अर्ज वहीत दोनदा उतरवून काढा. पहिल्यांदा आहे तसा. दुसऱ्यांदा "वडील" या शब्दाच्या जागी "आई" घाला. मग "हे वारले" याचे "ही वारली" होईल, आणि "त्यांच्या" याचे "तिच्या" होईल. "मृत्यू" लिहिताना म-च्या खाली ऋकार काढा, आणि "त्यू" दीर्घ लिहा. "निबंधक" या शब्दातला अनुस्वार ब-वर येतो.